पलटणीचं घड्याळ

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. एका डोळ्याला भिंग, चिमट्यात मोहरीपेक्षा लहान स्क्रू. अशा वेळी तोंड उघडून नुसता श्वास सोडला तरी स्क्रू उडून जातो, आणि मग शेठपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायची. त्यामुळे जन्मभर मी लोकांचं ऐकत आलो आणि मनातल्या मनात हसत आलो. आता हात कापायला लागले, भिंग पेटीत गेलं, तेव्हा बोलायला हरकत नाही.

तरी बोललो नसतो. पण परवा एका ओळखीच्या वकिलानं रस्त्यात थांबवून विचारलं, "मास्तर, प्लॅटिनमचं घड्याळ घ्यावं म्हणतो. काय पाहून घ्यावं?"

मी म्हटलं, "आधी हे सांगा, तुमचे व्याही कोण?"

वकील चपापला. म्हातारा कामातून गेला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण माझा प्रश्न अनुभवाचा होता. साऱ्या नोकरीत मी प्लॅटिनमचं घड्याळ विकलं ते एकच, आणि त्या एका घड्याळानं एक लग्न मोडत आणलं होतं.

मध्यप्रांताची राजधानी आमचं नागपूर होतं तेव्हाची ही गोष्ट. सीताबर्डीवर फिरोजशेठ नावाच्या पारशी गृहस्थांचं घड्याळांचं दुकान होतं. विक्री बहुतेक ते करत, दुरुस्ती मी. नागपुरात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला कामाची ददात नसते. उन्हाळ्यात इथलं ऊन असं, की घड्याळातलं तेल पातळ होऊन पाहिजे तिथून निघून नको तिथं जाऊन बसतं. पावसाळ्यात बारीक काटे गंजतात. हिवाळ्यात संत्री. हातात घड्याळ घालून संत्रं सोलू नका, असं मी किती लोकांना सांगितलं असेल! एका प्रोफेसरांचं घड्याळ रोज मागं पडायचं. उघडलं तर आत चक्रांना रसाचा चिकटा आणि एक बी. मी ती बी पुडीत बांधून त्यांना परत दिली. त्यांनी ती जपून खिशात घातली.

तर हे प्लॅटिनमचं घड्याळ छत्तीसगडातल्या एका जमीनदारानं मागवलं होतं. शेठनी मुंबईमार्फत ते थेट विलायतेहून आणवलं. जमीनदार आला, मखमलीची डबी उघडली, आणि म्हणाला, "ये तो सफेद है!" शेठनी खूप समजावलं, की प्लॅटिनम पांढरंच असतं, आणि सोन्यापेक्षा ते महाग असतं. जमीनदार म्हणाला, "महँगा है तो पीला होना चाहिए." आणि तो निघून गेला. तेव्हापासून ते घड्याळ तिजोरीत पडून होतं. शेठ अधूनमधून डबी उघडून त्याच्याकडे पाहत आणि डोकं धरून बसत.

त्या तिजोरीतून ते बाहेर निघालं ते काटोलकडच्या गणपतराव मालगुजारांमुळे. आमच्याकडे गावच्या जमीनदाराला मालगुजार म्हणतात. गणपतराव म्हणजे भरदार देह, जरीचा फेटा, आणि आवाज असा, की ते दुकानात बोलू लागले की भिंतीवरच्या घड्याळांचे लंबक दचकत. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. बारीक अंगाची बाई, डोक्यावरून पदर, बोलणं मोजकं.

"मास्तर," गणपतराव म्हणाले, "पोरीचं लगन हाय. जावयासाठी अशी घडी द्या, का इवायाचे डोये फाटले पाहिजे."

इवाई म्हणजे व्याही. मी सोन्याची घड्याळं काढली. त्यांनी हात झटकला.

"सोनं नोको. आमचे इवाई तहसीलदार होते. सोनं त्याईनं लय पाहिलं. त्याईनं कधी पाहिलं नसन असं दाखवा."

शेठच्या डोळ्यांत एकदम पाणी चमकलं. ते उठले, तिजोरी उघडली, आणि दोन्ही हातांत ती डबी धरून अशी आणली, जणू देवळात नैवेद्य चालला आहे. "आ तो राजानो माल छे, शेठ! प्लॅटिनम!"

गणपतरावांनी पाहिलं. माईंनी पाहिलं.

"हे तं कल्हई केल्यावानी दिसते," माई म्हणाल्या.

आता त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं, ते त्या वकिलालाही सांगितलं, म्हणून इथंही सांगतो. माईंच्या एका तळहातावर मी सोन्याचं घड्याळ ठेवलं, दुसऱ्यावर हे. हे आकारानं लहान, पण हात खाली गेला. प्लॅटिनमची पहिली ओळख ही, वजन. दुसरी म्हणजे चांदी काळी पडते, हे पडत नाही. सोनाराचं तेजाब लावलं तरी याला काही होत नाही. ओरखडे मात्र पडतात, त्यामुळे दागिन्यांच्या डब्यात टाकायचं नाही, आणि ओरखडा दिसला म्हणून कुठल्याही सोनाराकडे घासायलाही द्यायचं नाही. हा धातू हट्टी आहे. आपल्याकडच्या भट्टीला तो दाद देत नाही. पोचा आला तर मुंबईचा रस्ता धरावा लागतो. विकत घेताना मागचं झाकण उघडून आतला छाप पाहायचा. वजनदार असल्यामुळे पट्ट्याचे खिळे नीट तपासायचे, नाहीतर पट्टा हातात राहतो आणि घड्याळ विहिरीत. आणि हेही लक्षात ठेवायचं, की प्लॅटिनम ही फक्त पेटी. वेळ दाखवते ती आतली यंत्रं, आणि ती इतर चांगल्या घड्याळासारखीच पोलादाची आणि पितळेची असतात.

"आणि शेवटचं," मी म्हटलं, "हे महाग आहे हे पाहणाऱ्याला कळणार नाही. तुम्हाला त्याचं वाईट वाटणार असेल तर सोन्याचंच घ्या."

शेठनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

गणपतराव गडगडाटी हसले. "कळनार नाही काहून? मी काय मुका हाव? मी सांगीन ना!"

माई मात्र घड्याळ कानाशी धरून ऐकत होत्या. "पोरगी आमची इंग्रजी सहावी झाली मामाकडे राहून," त्या मला म्हणाल्या. "लगन झाल्यावर मॅट्रिक करू देनार, असं इवायानं कबूल केलं हाय. म्हनून इथं देऊन राहिलो." घड्याळाशी या गोष्टीचा काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. मी मान डोलावली.

घड्याळ खपलं. शेठनी त्या दिवशी सगळ्यांना चहाबरोबर मावा-केक खाऊ घातला.

लग्नाचं आवतण मलाही आलं, आणि ते नुसतं आवतण नव्हतं. जावयाच्या मनगटाच्या मापानं पट्टा बसवायला घडीवाले मास्तर हजर पाहिजेत, असा गणपतरावांचा हुकूम होता. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

गावच्या मारुतीच्या देवळात सीमांतपूजन होतं. वरात वेशीवर आली, नवरदेव चौरंगावर बसले. नाव मधुकर, वकिलीचा अभ्यास करणारा शांत मुलगा. त्यांच्या शेजारी खुर्चीवर त्यांचे वडील. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेब तहसीलदार होते आणि पेन्शनीत निघाले होते, पण ही दुसरी गोष्ट त्यांना कोणी कळवली नसावी. बोलताना ते कचेरीतच असत. पाणी आणायला उशीर झाला तर म्हणत, "तहकूब का केलं?"

गणपतरावांनी डबी उघडली आणि मी नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ बांधलं. गणपतराव छाती पुढे काढून उभे राहिले. रावसाहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि सरळ बसले.

"चांदीचं?" ते म्हणाले. "जावयाला चांदीचं घड्याळ?"

"चांदी नाही जी," गणपतराव म्हणाले. "ते… मास्तर, काय ते?"

त्यांना नावच आठवेना. आणि माझं दुर्दैव असं, की नेमका त्याच वेळी माझ्या तोंडात मानाचा विडा होता. मी घाईनं म्हटलं, "प्लॅटिनम." पण विड्यातून ते बाहेर पडलं ते वेगळंच.

"पलटण?" रावसाहेब ताडकन म्हणाले. "पलटणीचं घड्याळ?"

मी विडा थुंकायला धावलो. परत येईतो देवळात चौकशी सुरू झाली होती. रावसाहेबांनी मला समोर उभं केलं. "नाव? बापाचं नाव? धंदा?" मी सांगितलं. "झाकण उघडा." उघडलं. माझं भिंग घेऊन त्यांनी आतला छाप वाचला. इंग्रजीत चारच अक्षरं होती, कारण एवढ्याशा जागेत पूर्ण शब्द मावत नाही.

"पी, एल, ए, टी. प्लॅट." त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर खुनाचा उलगडा झाल्याचं समाधान. "प्लॅटून! फौजेची तुकडी! आणि खाली नंबर आहे, नऊशे पन्नास."

"रावसाहेब, तो शुद्धतेचा—"

"मी इंग्रज साहेबांच्या हाताखाली काम केलं आहे. नऊशे पन्नास हा शिपायाचा नंबर."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "कामठीच्या छावणीत मागं जुन्या सामानाचा लिलाव झाला होता बाप्पा."

झालं. आमच्याकडे कामठी म्हणजे गोऱ्यांची छावणी. तिथलं जुनं सामान लिलावात निघतं, हे पोरासोरांना माहीत. हां हां म्हणता देवळाच्या पायऱ्यांपर्यंत बातमी गेली, की मालगुजारानं जावयाला लिलावातलं घड्याळ दिलं. तेवढ्यात वराकडच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारलं, "मी म्हणते, तो शिपाई जित्ता हाय का मेला?"

नवरदेवानं हळूच आपला हात अंगापासून लांब धरला.

"हे मयताच्या हातचं घड्याळ आहे," रावसाहेब उभे राहत म्हणाले. "हा अपशकुन आहे. माझा मुलगा बोहल्यावर चढणार नाही."

गणपतरावांचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. ते नुसते "अजी… अजी…" करत राहिले. मी सगळं समजावून सांगत होतो, पण ज्याच्या तोंडून पलटण निघाली, त्याची साक्ष कोण मानणार? शेवटी गणपतरावांना सुचलं, "सोनाराले बलवा!"

गावचा सोनार आला. भला माणूस. त्यानं कसोटीच्या काळ्या दगडावर घड्याळाची कड घासली, तेजाबाचा थेंब टाकला. रेघ जशीच्या तशी. पुन्हा टाकला. रेघ तशीच. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि हात जोडले.

"चांदी नाही मालक."

गणपतरावांच्या जिवात जीव आला. "सांगितलं का नाही!"

"सोनंबी नाही," सोनार म्हणाला. "तांबं नाही, जस्त नाही. मले मालूम नाही हे काय हाय. असं मी कधी पाहिलंच नाही."

म्हणजे गणपतरावांना जसं पाहिजे होतं अगदी तसंच घड्याळ मिळालं होतं. व्याह्यांनी तर नाहीच, सोनारानंही कधी पाहिलं नव्हतं. पण ही समजूत घालायची ती वेळ नव्हती. कारण सोनारानं पुढे म्हटलं, "फुंकनीनं तापवून पाहतो. वितळलं का समजन." आणि त्यानं निखारे मागवले.

आता मात्र माझा धीर सुटला. पेटी वितळली नसती हे खरं, पण आतली यंत्रं? त्या तेलाचा, त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा पापड झाला असता. मी सोनाराच्या हातून घड्याळ हिसकावलं आणि धावत गाभाऱ्यात जाऊन मारुतीच्या मागं उभा राहिलो. पुजारी ओरडला, "सोवळ्यात नाही तुम्ही!" मी म्हटलं, "घड्याळही नाही!" काय बोललो ते मलाही कळलं नाही. मारुतीच्या खांद्यावरून मी पाहत होतो: रावसाहेब छत्री उगारून उभे, गणपतराव खांब धरून बसलेले, आणि बायकांच्या बाजूला खांबाआड नवरी. कमल तिचं नाव. हळदीच्या अंगानं उभी, चेहरा पांढराफटक. त्या वेळी मला हसू आलं नाही, एवढं सांगतो. वरात वेशीवरून परत गेली असती तर त्या मुलीचं पुढं काय झालं असतं, हे त्या काळात वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात खांबाआडून माईंचा आवाज आला. शांत.

"मास्तर, तुमच्या हातातली घडी कशाची हाय?"

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. पिवळंधमक घड्याळ. दुकानात बसणाऱ्यानं चांगलं घालावं म्हणून शेठनी दिलेलं. "रोल्ड गोल्ड, माई."

"जोरात सांगा. ऐकू नाही येत."

"रोल्ड गोल्ड!" मी मारुतीमागून ओरडलो.

रावसाहेबांची छत्री खाली आली. "गोल्ड?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पितळेच्या पत्र्यावर सोन्याचा पातळ पापुद्रा लाटून बसवतात, ते रोल्ड गोल्ड. मी हे रावसाहेबांनाही सांगू लागलो, "रोल्ड, म्हणजे रावसाहेब, आतून पितळ—"

"इंग्रजी मला शिकवू नका," रावसाहेब म्हणाले. "गोल्ड म्हणजे काय ते मला समजतं."

"आतून पितळ असतं!" मी पुन्हा ओरडलो.

"खामोश!"

मी खामोश झालो. माई म्हणाल्या, "रावसाहेबाच्या मनाले येते ना? मंग हेच द्या जावयाले. ते अपशकुनी घडी आना इकडे. चारचौघांत परत केली रावसाहेबानं, आता ते माही झाली."

"झाली, झाली," रावसाहेब उदारपणे म्हणाले. माझं घड्याळ नवरदेवाच्या हातावर चढलं. रावसाहेबांनी ते उन्हात धरून चमकवलं. आत्याबाईंनी दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली. वाजंत्री सुरू झाली. माईंनी ते प्लॅटिनमचं घड्याळ कमरेला खोचलं, आणि नवऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं, ते मी जवळून जाताना ऐकलं. "पोरगी गेली आन् घडी घरात राहिली. चुप बसा."

लग्न थाटात लागलं. मी जेवलो आणि उघड्या मनगटानं नागपूरला आलो. पुढे माईंनी मला तसंच दुसरं घड्याळ शेठकडून देवविलं.

काही महिन्यांनी माई दुकानात आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी ते घड्याळ काढलं. म्हणाल्या, बंद पडलं. मी उघडलं तर आत फोलपटाचा बारीक चुरा.

"माई, हे ठेवता कुठं?"

"तुरीच्या डाळीच्या डब्यात. चोराले कशी सापडन?"

डाळ हे घड्याळाचं घर नव्हे, हे मी त्यांना समजावलं. मऊ फडक्यात एकटं गुंडाळून ठेवायचं, आणि वापरत नसलात तरी अधूनमधून चावी द्यायची, नाहीतर तेल थिजतं. माई ऐकत होत्या, पण लक्ष भलतीकडे होतं.

"कमलले शाळेत नाही घातलं त्याईनं," त्या म्हणाल्या. "आता म्हनते, सुनेले का कचेरी चालवाची हाय? जावई बिचारा गप बसते. मी म्हनलं, आपल्याले घाई नाही." आणि घड्याळ फडक्यात गुंडाळून त्या गेल्या.

त्यांना खरोखरच घाई करावी लागली नाही. रावसाहेब नागपुरातच, धंतोलीत राहत. पुढच्या उन्हाळ्यानंतर एके दुपारी ते दुकानात आले. आधी रस्त्याकडे पाहिलं, मग खिशातून घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. मुलाचं घड्याळ ते स्वतःच घालून क्लबात जात असत, हे त्यांच्या मनगटावरच्या घामोळ्यानं कळत होतं. नागपूरचा घाम रोल्ड गोल्डला मानवत नाही. कडा झिजल्या होत्या आणि पितळ उघडं पडलं होतं. हे मी अक्षरशः सांगतो आहे.

"हे काय आहे, मास्तर?"

"पितळ, रावसाहेब. मी देवळात सांगत होतो…"

त्यांनी हात वर केला. मग खुर्ची पुढे ओढून दबक्या आवाजात म्हणाले, "क्लबात एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत. त्यांच्या बोटात पांढरी अंगठी आहे. मी म्हटलं, चांदीची? ते म्हणाले, प्लॅटिनम. सोन्याहून महाग." ते थांबले. "त्यांनी छाप दाखवला. पी, एल, ए, टी."

मी स्क्रू नसतानाही श्वास रोखून धरला.

"ते घड्याळ कुठं आहे आता?"

"माईंकडे. पूर्वी तुरीच्या डाळीत असायचं. आता फडक्यात."

"डाळीत!" रावसाहेबांनी छातीला हात लावला.

मी माईंना निरोप धाडला. त्या आल्या आणि दुकानाच्या बाकावर बसल्या. रावसाहेब खुर्चीवर. शेठ हिशेबाचं निमित्त करून काउंटरमागं कान देऊन बसले. गणपतराव आले नव्हते, त्यांना मुद्दामच घरी ठेवलं असावं.

"विहीणबाई," रावसाहेबांनी सुरुवात केली, "जावयाला दिलेली वस्तू जावयाच्याच घरी शोभते."

"तुमी ते परत केली," माई म्हणाल्या. "गावानं पाहिलं. सोनार साक्षीले होता."

रावसाहेबांनी कायद्याची मान डोलावली. साक्ष खरी होती.

"तरी पण काही तडजोड?"

"हाय ना. ते घडी तुमच्या घरी येईन. कमलच्या हातात येईन. आन् कमल जाईन शाळेत. शाळेतल्या पोरीले टाइम पाहाले घडी लागते. घरी बसनारीले कायले पाहिजे?"

रावसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एका पारड्यात घड्याळ, दुसऱ्या पारड्यात त्यांचं मत. वजनदार कोणतं ते मी आधीच सांगितलं आहे.

"पण एवढी किमती वस्तू! धंतोलीहून शाळा केवढी लांब. कोणी हिसकावलं तर? हरवलं तर?"

"तं तुमी लक्ष ठेवा," माई म्हणाल्या. "घरचे मोठे तुमी."

कमल पट्टा बसवून घ्यायला आली तेव्हा मधुकरराव सोबत होते. तिच्या बारीक मनगटासाठी मला पट्टा कापून नवी भोकं पाडावी लागली. पुरुषी घड्याळ, हातावर थोडं बोजडच दिसत होतं. मी तिला सांगितलं, रोज सकाळी चावी द्यायची, हाताला अडथळा लागला की थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. तिनं घड्याळ कानाशी धरलं, तिच्या आईसारखंच, आणि विचारलं, "मास्तर, शाळेत कोनी विचारलं, कशाचं हाय, तं काय सांगू?"

मधुकरराव म्हणाले, "कल्हईचं सांग." त्या मुलाला बोलताना मी प्रथमच ऐकलं. दोघं हसत बाहेर पडली.

यानंतर सीताबर्डीनं एक दृश्य रोज पाहिलं. सकाळी सून दप्तर घेऊन पुढे, आणि तिच्यामागं छत्री उघडून रावसाहेब. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पुन्हा छत्री. त्यांची नजर सुनेच्या मनगटावरून ढळत नसे. एखादा सायकलवाला जवळून गेला तर ते छत्री आडवी धरत. पाऊस आला तर छत्री घड्याळावर, रावसाहेब भिजत. रस्त्यावरच्या लोकांना आतली गोष्ट काय माहीत! त्यांना एवढंच दिसलं, की जुन्या वळणाचा पेन्शनर माणूस सुनेला शिकवण्यासाठी ऊनपाऊस सोसतो आहे. लोक थांबून नमस्कार करू लागले. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. धंतोलीतल्या दोन सासऱ्यांनी त्यांचं पाहून आपल्या सुना शाळेत घातल्या.

रावसाहेब आधी ओशाळत. "अहो, मी आपला सहज…" म्हणत. पण माणूस रोज स्वतःची स्तुती ऐकू लागला की तिला किती दिवस विरोध करणार? संध्याकाळी फाटकाशी बसल्या बसल्या ते सुनेची वही तपासू लागले. तिचं इंग्रजी सुधारू लागले. एकदा दुकानात येऊन मला म्हणाले, "मास्तर, पोरगी हुशार आहे. भूमितीत मला आवरत नाही." मी घड्याळाची चौकशी केली. "घड्याळ?" ते म्हणाले. "ठीक असेल. विचारलं पाहिजे."

कमल मॅट्रिक झाली. त्या निमित्तानं बायकांच्या एका मंडळानं रावसाहेबांचा सत्कार ठेवला. विषय, स्त्रीशिक्षण. मी आणि शेठ मागच्या रांगेत, गणपतराव आणि माई आमच्यापुढे, मधुकरराव आणि कमल पहिल्या रांगेत. रावसाहेब बोलायला उभे राहिले आणि आपण पहिल्यापासून स्त्रीशिक्षणाचे कैवारी कसे, ते सांगू लागले. गणपतरावांना ठसका लागला. माईंनी त्यांना पाणी दिलं.

भाषण लांबत गेलं. रावसाहेब वेदकाळातून निघून तहसील कचेरीत आले, तिथून कामठीच्या साहेबांकडे गेले, परत वेदकाळात गेले. बायका पंख्यानं वारा घेऊ लागल्या. बाहेर टांगेवाले टांगे जोडू लागले.

"म्हणून मी सांगतो," रावसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "आज या शहरातल्या प्रत्येक सासऱ्यानं—"

पहिल्या रांगेत कमलनं डावा हात वर केला, बाही मागं सारली, आणि घड्याळावर बोटानं टकटक केलं.

रावसाहेबांनी ते पाहिलं. उरलेलं वाक्य गिळलं, छत्री उचलली, आणि निमूटपणे जागेवर जाऊन बसले. प्रत्येक सासऱ्यानं नेमकं काय करावं ते सांगायचं राहूनच गेलं. पण बायकांनी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच वाजवल्या.